‘कोलंबो’ भागाभागाने बघायचा असेल तर: नव्यांसाठी वाटाड्या

डिटेक्टिव्ह मालिका म्हटली की पन्नाशी ओलांडलेल्यांना १९८५ सालचा दूरदर्शनवरचा ‘करमचंद’ आठवतो. पंकज कपूर, काळा चष्मा, हातात गाजर आणि तोंडी ‘शट अप किटी’. त्याच मंडळींसमोर ‘कोलंबो’ लावा, विसाव्या मिनिटाला तक्रार येणारच: ‘खून कुणी केला ते तर दाखवून मोकळे झाले. आता पुढे बघायचं काय?’

गोव्यात फोंड्याजवळच्या आमच्या वाड्यावर काही घरांनी मिळून ही मालिका आठवड्याला एक भाग या बेताने बघितली. आखातात नोकऱ्या करून आलेल्या दोघांनी ती पूर्वी तुकड्यातुकड्यांनी पाहिली होती, बाकीच्यांनी नावही ऐकलं नव्हतं. दोन्ही गटांचा गोंधळ वेगवेगळा असतो. जुन्यांना वाटतं आपल्याला सगळं आठवतंय, नव्यांना वाटतं आपल्याला काहीच कळणार नाही. दोन्ही समज पहिल्या दोन-तीन बैठकांत गळून पडतात, पण त्याआधी मंडळी उठून जाऊ नयेत म्हणून हा लेख.

थोडी ओळख आधी. लॉस एंजेलिस पोलिसांच्या खूनतपास खात्यातला लेफ्टनंट कोलंबो. पात्र रिचर्ड लेव्हिन्सन आणि विल्यम लिंक या लेखकजोडीचं, टीव्हीवरच्या या ६९ भागांत ते उभं केलं पीटर फॉकने. पहिला भाग १९६८ चा, शेवटचा २००३ चा. मूळची अमेरिकेतल्या एनबीसी वाहिनीवरची मालिका १९७१ ते १९७८ अशी चालली. ती दर आठवड्याला लागत नसे, एकाच वेळेत दोन-तीन गुप्तहेर मालिका आळीपाळीने दाखवत. म्हणून वर्षाला तीन ते आठच भाग, आणि प्रत्येक भाग एखाद्या छोट्या चित्रपटाएवढा, सव्वा तासापासून पाऊणेदोन तासांपर्यंत.

१. ‘कोणी’ सोडा, ‘कधी’ धरा

बाकी सगळं विसरलात तरी ही पायरी विसरू नका.

जवळजवळ प्रत्येक भागाची सुरुवात खुन्याच्या बाजूने होते. माणूस श्रीमंत, हुशार, आपल्या क्षेत्रात नावाजलेला. तो बेत आखतो, खून करतो, आपण त्या वेळी दुसरीकडेच होतो असा पुरावा तयार करतो. हे सगळं आपण डोळ्यांनी बघतो. कोलंबो तोपर्यंत पडद्यावर नसतोच, कधीकधी वीस मिनिटं नसतो. मग चुरगळलेला रेनकोट, हातात विझत आलेली सिगार, खिशात हरवलेली पेन्सिल असा एक गबाळा माणूस दारात उभा राहतो आणि तसदीबद्दल माफी मागू लागतो.

ही उलटी मांडणी गोष्टींमध्ये जुनी आहे. ब्रिटिश लेखक आर. ऑस्टिन फ्रीमनने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती वापरून दाखवली होती. लेव्हिन्सन-लिंक यांच्या डोळ्यांसमोर दोस्तोयेव्हस्कीच्या कादंबरीतला तपास अधिकारी पोर्फिरी होता, तोही गोड बोलून माणसाला थकवतो. पण टीव्हीवर ती इतकी वर्षं टिकली, कारण प्रेक्षकाला नवं कोडं मिळालं. कोलंबोला पहिला संशय आला कुठे?

बहुतेक वेळा तो पहिल्याच भेटीत आलेला असतो. कॅमेऱ्याने तो तुमच्यासमोर ठेवलेला असतो आणि तुम्ही चुकवलेला असतो. एखादा दिवा जळत राहिला, एखाद्याने बातमी ऐकून जो प्रश्न आधी विचारायला हवा होता तो विचारलाच नाही, असलं काहीतरी. शेवटी तो स्वतः सांगतो तेव्हा अख्खी खोली ‘अरे हो की!’ म्हणते.

म्हणून वहीत प्रत्येक भागासाठी तीन ओळी मोकळ्या सोडा:

- पहिला संशय: कोणत्या मिनिटाला, कशावरून?
- खुन्याला कधी कळलं की हा माणूस बावळट नाही?
- शेवटच्या सापळ्याची तयारी आधी कुठे दिसली होती?

पहिल्या ओळीचं उत्तर प्रत्येकाने गुपचूप लिहायचं. मोठ्याने सांगायचं नाही, नाहीतर घरातला सगळ्यात मोठ्या आवाजाचा माणूस जिंकतो. दुसरी ओळ मला स्वतःला जास्त आवडते. पहिल्या संशयाचं उत्तर बरोबर किंवा चूक ठरतं, पण दुसऱ्या ओळीवर जेवणाची वेळ होईपर्यंत वाद चालतो.

२. आधी हे जमवा

- टीव्ही आणि त्याला जोडायला लॅपटॉप किंवा पेन ड्राइव्ह. लॅपटॉप असेल तर एचडीएमआय वायर लांब घ्या, आखूड वायरमुळे लॅपटॉप खुर्चीवर येतो आणि कुणीतरी त्यावर बसतं.
- वेगळा स्पीकर. हा चैनीत धरू नका. कारण पाचव्या पायरीत येईल.
- इन्व्हर्टर. आपल्याकडची वीज आणि कोलंबोचं शेवटचं दृश्य यांची वेळ जुळायची खोड आहे. टीव्हीबरोबर राउटरही इन्व्हर्टरवर घ्या.
- इंग्रजी सबटायटल असलेली प्रत.
- जाड पुठ्ठ्याची वही आणि दोरीने बांधलेलं पेन.
- भागांची यादी, मूळ प्रसारणाच्या तारखांसह, कागदावर छापून. मोबाइलवर बघायला गेलात की शेजारच्या ओळीतला शेवटही वाचला जातो.
- एक माणूस, ज्याच्या हातात रिमोट राहील. दोन माणसं नकोत.

३. प्रत निवडताना

मालिका कोणत्या ॲपवर मिळते हे बदलत राहतं, म्हणून वर्षभराचे पैसे भरण्याआधी सगळे भाग आहेत का ते मोजून घ्या. सुरुवातीचे ४५ आणि नंतरचे २४ असा हिशेब लागला पाहिजे. बऱ्याचदा मधलेच काही असतात.

फुकट सापडणाऱ्या चित्रफितींचं काय होतं ते एकदा बघितलंत की कळेल. पकडलं जाऊ नये म्हणून चित्र आरशासारखं उलटं केलेलं असतं, आवाज चिरका. कोलंबोमध्ये पुरावा बारीकसारीक वस्तूंत असतो, दारावरची पाटी उलटी वाचायची वेळ आली तर खेळच संपला. शिवाय ते कायद्याला धरून नाही ते वेगळंच.

परदेशातून कुणी डीव्हीडी संच आणणार असेल तर संचावरचा विभाग-क्रमांक आधी विचारा. अमेरिकेतल्या तबकड्या विभाग १ च्या, ब्रिटनच्या २ च्या, भारत ५ मध्ये येतो. साधा प्लेअर त्या घेत नाही. लॅपटॉपच्या ड्राइव्हचा विभाग बदलता येतो, पण मोजून पाच वेळा, त्यानंतर तो आहे तिथेच गोठतो. आणखी एक गंमत: युरोपातल्या जुन्या पद्धतीच्या तबकड्यांवर चित्र किंचित वेगाने पळतं, साधारण चार टक्के. तुम्ही वहीत ‘३१ व्या मिनिटाला’ लिहिलंत आणि भाच्याने लिस्बनहून आणलेल्या तबकडीवर ते ३० व्या मिनिटाला आलं, तर भांडू नका.

भागांचे क्रमांक ही मोठी डोकेदुखी. १९६८ चा आणि मार्च १९७१ चा असे दोन भाग मालिका सुरू होण्याआधीचे. कुठे ते पहिल्या हंगामात धरतात, कुठे वेगळे ठेवतात, त्यामुळे ‘पहिल्या हंगामाचा पहिला भाग’ म्हणजे नेमका कोणता यावर एकमत नाही. १९८९ नंतरच्या हंगामांची मोजणी तर आणखीच विस्कळीत. क्रमांक पूर्ण विसरा, वहीत भागाचं नाव आणि तारीख लिहा.

टीव्हीचं चित्र ४:३ वर ठेवा. जुनी मालिका जुन्या चौकोनी पडद्यासाठी काढलेली आहे. नवे टीव्ही ती आपोआप ताणतात आणि सगळे खुनी ढेरपोटे दिसायला लागतात.

४. सुरुवात कुठून करायची

पहिल्यापासून ओळीने बघायला हरकत नाही, पण पहिलाच भाग नव्यांना फसवतो. १९६८ चा ‘प्रिस्क्रिप्शन: मर्डर’ हा मुळात रंगमंचावरच्या नाटकावरून आलेला. त्यातला कोलंबो केस विंचरलेला, जरा कडक, एका प्रसंगात चक्क आवाज चढवणारा. आपल्याला माहीत असलेला लोचट, अघळपघळ माणूस अजून घडायचा आहे. नाटकवेड्या गोव्यात हा भाग नक्की आवडेल, पण पाचवा-सहावा म्हणून. पात्र कळल्यावर त्याचा कच्चा खर्डा बघण्यात मजा आहे.

माझा क्रम असा:

सप्टेंबर १९७१ चा ‘मर्डर बाय द बुक’ पहिला लावा. दोन लेखक जोडीने रहस्यकथा लिहितात, त्यातल्या एकालाच लिहिता येतं, आणि खून दुसरा करतो. लेखन स्टीव्हन बोच्कोचं, दिग्दर्शन स्टीव्हन स्पीलबर्गचं. स्पीलबर्ग तेव्हा २४ वर्षांचा होता, त्याचा ‘जॉज’ चित्रपट अजून चार वर्षं दूर. सुरुवातीला टाइपरायटरची खटखट पार्श्वसंगीतासारखी वाजते तिकडे लक्ष द्या. खुनी जॅक कॅसिडी, मालिकेत तीन वेळा खुनी झाला, तिन्ही वेळा हवाहवासा.

दुसरा ‘सूटेबल फॉर फ्रेमिंग’, त्याच वर्षीचा, चित्रसंग्रह आणि कलासमीक्षक यांचा. शेवटच्या अर्ध्या मिनिटात कुणी चहाचे कप गोळा करायला उठायचं नाही, एवढीच अट.

तिसरा १९७४ चा ‘निगेटिव्ह रिॲक्शन’. इथे मालिका विनोदी आहे की नाही हा प्रश्न कायमचा मिटतो. गरिबांना जेवण देणाऱ्या एका मिशनमध्ये कोलंबो साक्षीदार शोधत जातो. तिथली नन त्याच्या अवताराकडे बघून त्याला बेघर समजते, वाढून देते आणि नवा कोट शोधायला लागते. तो सांगू बघतो, तिला ऐकायचं नसतं. आमच्याकडे हे दृश्य लगेच पुन्हा लावावं लागलं. खुनी छायाचित्रकार डिक व्हॅन डाइक, जो एरवी हसवणारा नट म्हणून प्रसिद्ध. म्हणजे हसवणारा गंभीर आणि पोलीस हसवणारा, अशी अदलाबदल.

चौथा १९७३ चा ‘डबल शॉक’. जुळे भाऊ, दोन्ही भूमिका मार्टिन लँडाऊच्या. त्यातला एक भाऊ टीव्हीवर पाककृती दाखवतो आणि कोलंबोला प्रेक्षकांतून वर बोलावून सॉस करायला लावतो. शिवाय एक मोलकरीण आहे, जी त्याच्या सिगारच्या राखेवरून त्याला असं झापते की कुठल्याही गोवेकर घरातली सकाळ आठवावी. तिच्यासमोर त्याचा बिल्ला, हुद्दा, काही चालत नाही.

एवढं झालं की मग तारखेच्या ओळीने चला. वाटेत १९७२ च्या ‘एट्यूड इन ब्लॅक’ला थांबा, कारण त्यात त्याचा कुत्रा पहिल्यांदा येतो. सुस्त, बॅसेट जातीचा, काहीही न करणारा. कुत्रा काही तपास करत नाही. त्याला नावही मिळत नाही, सगळे त्याला ‘डॉग’ म्हणतात.

५. बैठक चालवायची कशी

आठवड्याला एकच. दोन सलग लावले तर दुसऱ्यातला खुनी पहिल्यातल्या बायकोचा नवरा वाटायला लागतो. १९७८ पर्यंतचे ४५ भाग या वेगाने दहा-साडेदहा महिन्यांत होतात, चवथीच्या दिवसांची, जत्रांची आणि लग्नांची सुट्टी धरली तर वर्ष. आरंभ जूनमध्ये करा. पावसात संध्याकाळी कुणाला कुठे जायचं नसतं.

पण पावसाचा एक त्रास आहे, आणि म्हणून स्पीकर. कौलांवर किंवा मागच्या पडवीच्या पत्र्यावर सर बसली की टीव्हीचा आवाज संपला. फॉक पुटपुटत बोलतो, वाक्य अर्धं सोडतो, खिसे चाचपतो, पुन्हा तिसरंच काही सुरू करतो. त्याच पुटपुटण्यात तो प्रश्न लपवतो, तेव्हा शब्द ऐकू येणं भाग आहे. स्पीकर टीव्हीजवळ न ठेवता मंडळींच्या जवळ ठेवा आणि सबटायटल चालू राहू द्या, इंग्रजी उत्तम येणाऱ्यांच्या नाकावर टिच्चून.

सबटायटल मागेपुढे झाले तर व्हीएलसी प्लेअरमध्ये कीबोर्डवरचे ‘जी’ आणि ‘एच’ दाबून ते सरकवता येतात. हे रिमोटवाल्याला आधीच शिकवून ठेवा.

इंग्रजी न येणारी आजी-काकी मंडळी असतील तर त्यांना बाहेर ठेवू नका. सुरुवातीचा खुनाचा तुकडा जवळजवळ मूकपट असतो, कुणी काय लपवलं ते दिसतंच. तिथे भाषांतर करायची गरज नाही, उलट गप्प बसा. कोलंबो आल्यावर मात्र एकाने दुभाष्या व्हायचं, आणि प्रत्येक वाक्य न सांगता फक्त प्रश्न सांगायचे: ‘विचारतोय, गाडी बाहेर का लावली.’ एवढं पुरतं. आमच्या बैठकीत पहिला संशय सर्वांत जास्त वेळा पकडला तो इंग्रजी न येणाऱ्या एका मावशीने. बाकीचे बोलणं ऐकत होते, ती हात बघत होती.

थांबा एकदाच घ्यायचा. कोलंबो दारापर्यंत जातो, हात कपाळाला लावतो आणि ‘जस्ट वन मोअर थिंग’ म्हणत वळतो, त्यातल्या पहिल्या वळणानंतर. तिथे पॉज करा, सगळ्यांनी पहिली ओळ लिहा, दहा मिनिटं चहा. हे वळण आलं कुठून तेही सांगून टाका. मूळ नाटक लिहिताना प्रसंग आखूड पडला, कोलंबो तर बाहेर गेला होता, आणि पुन्हा सगळं पान टाइप करायचा कंटाळा आला म्हणून लेखकांनी त्याला दारातून परत आणला. आळसातून निघालेली एवढी फायद्याची ओळ दुसरी नसेल.

मालिकेत मागून हसण्याचा आवाज भरलेला नाही, त्यामुळे नव्यांना कळत नाही की हसायचं कुठे. त्यांना सांगा, खुन्याच्या चेहऱ्याकडे बघा. पहिल्या भेटीत तो या गबाळ्याची कीव करतो, दुसऱ्यात कंटाळतो, तिसऱ्यात घड्याळ बघतो. कोलंबो सहसा उद्धट होत नाही. तो बंगल्याचं कौतुक करतो, बायकोला सांगायला म्हणून सही मागतो, वस्तूंच्या किमती विचारतो. आपल्याकडे जुन्या भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, घरी पायरीवर उभं राहून बोलणारी माणसं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हा विनोद लगेच लागतो. फरक एवढाच की इथे शेवटी पायरीवरचा माणूस घरात येऊन बसतो.

६. आपल्याकडच्या मंडळींसाठी राखून ठेवायचे भाग

‘एनी ओल्ड पोर्ट इन अ स्टॉर्म’, १९७३. डोनाल्ड प्लेझन्स वाइन करणाऱ्या घराण्यातला, वाइनवर जिवापाड प्रेम करणारा. गोव्यात पोर्ट वाइनच्या नावाने जी गोड बाटली मिळते ती त्याच्यापुढे ठेवली असती तर त्याने काय केलं असतं, यावर आमच्याकडे बराच वेळ गेला. कोलंबो खुन्याच्या तोडीला यायचं म्हणून वाइन शिकून घेतो, आणि दोघांना एकमेकांबद्दल खरा आदर वाटू लागतो. हा भाग एप्रिल-मेच्या उकाड्यात बघा. का ते सांगत नाही.

‘ट्रबल्ड वॉटर्स’, १९७५. सगळा भाग मेक्सिकोकडे निघालेल्या प्रवासी जहाजावर. कोलंबोच्या बायकोला सोडतीत सहल लागलेली असते, म्हणून तो आलेला. ती जहाजावर आहे, तो तिला शोधत फिरतो, आणि ती आपल्याला शेवटपर्यंत दिसत नाही. गोव्यात प्रत्येक वाड्यावर बोटीवर नोकरी केलेला एक तरी माणूस असतोच. त्या दिवशी त्याला मधली खुर्ची द्या आणि केबिन, इंजिन, डॉक्टरची खोली यांतलं काय खरं नि काय सिनेमाचं ते त्यालाच सांगू द्या. रिमोट मात्र देऊ नका.

‘अ मॅटर ऑफ ऑनर’, १९७६. मेक्सिको, बैल, आणि रिकार्डो माँटलबानने केलेला निवृत्त मॅटाडोर. आपल्या धिरयोशी तुलना निघणारच, ती आधीच उरकून घ्या. धिरयोत बैल बैलाशी झुंजतो, इथे माणूस उतरतो, आणि कथेचं सगळं मर्म त्या माणसाच्या अभिमानात आहे.

‘बाय डॉन्स अर्ली लाइट’, १९७४. सैनिकी शाळा, पॅट्रिक मॅगूहन. यात हसू कमी आहे. मॅगूहनला या भूमिकेसाठी एमी पुरस्कार मिळाला. शाळेच्या शिस्तीवर भक्ती असलेले निवृत्त मास्तर बैठकीत असतील तर खुनी त्यांना पटू लागतो, सावध असा.

रेनकोटाबद्दल एक. तो फॉकच्या स्वतःच्या कपाटातला. लॉस एंजेलिसच्या कोरड्या हवेत बारा महिने रेनकोट घालणारा माणूस तिथे विक्षिप्त दिसतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर कुणी वळूनही बघितलं नसतं. गाडीही फॉकनेच स्टुडिओच्या आवारातून निवडलेली, जुनी प्यूजो ४०३.

७. फसगतीच्या जागा

पहिली वीस मिनिटं पुढे ढकलणं. ‘कोलंबो येईपर्यंत पळव’ असं कुणीतरी म्हणतंच. त्याच वीस मिनिटांत सगळे पुरावे असतात. त्या माणसाला तिसऱ्या ओळीचं उत्तर विचारा, आपोआप शहाणा होतो.

दीडपट वेगाने बघणं. तरुण मुलांची खोड. कोलंबोचं शस्त्र रेंगाळणं हेच आहे, ते पळवलंत तर उरतं काय?

त्याचं पहिलं नाव शोधणं. मालिकेत ते कधी उच्चारलं जात नाही. ‘फिलिप’ असं सांगणारे भेटतील. एका सामान्यज्ञानाच्या पुस्तकाच्या लेखकाने कुणी चोरी केली तर कळावं म्हणून ते मुद्दाम खोटं घुसडलं होतं. ते जसंच्या तसं एका प्रसिद्ध प्रश्नमंजूषेच्या खेळात आलं, त्याने १९८४ साली दावा लावला, आणि तो हरला. कोलंबोच्या सापळ्याइतकाच चांगला सापळा, फक्त न्यायालयाने मानला नाही. ओळखपत्राचं चित्र गोठवून ‘फ्रँक’ वाचणारे दुसरे. त्यांना वाचू द्या.

‘मिसेस कोलंबो’ लावणं. १९७९ मध्ये न दिसणाऱ्या बायकोला दाखवायची कल्पना कुणाला तरी सुचली आणि वेगळी मालिका निघाली. लेव्हिन्सन-लिंक यांचा तिच्यात हात नव्हता. तुम्हीही दूर राहा.

१९७६ च्या ‘लास्ट सॅल्यूट टू द कमोडोर’ने गडबडणं. त्यात नेहमीची मांडणी मोडली आहे. तुमच्या वहीतल्या ओळी त्याला लागू होत नाहीत. तो सुट्टीचा दिवस समजा.

८. कोर्टात टिकेल का?

हा वाद दर तिसऱ्या आठवड्याला उठतो, विशेषतः बैठकीत वकील असेल तर. उत्तर सरळ आहे, बऱ्याचदा नाही टिकणार. कोलंबो खुन्याला बेसावध पकडतो, त्याच्या तोंडून कबुली येते आणि भाग संपतो. आपल्याकडे तर पोलिसासमोरची कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून सिद्ध करता येत नाही. जुन्या पुरावा कायद्याचं कलम २५ हेच सांगत होतं, आणि नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ती तरतूद २३ व्या कलमात कायम आहे. म्हणजे गोव्यातला कोलंबो पणजीच्या कोर्टात रिकाम्या हाताने उभा राहिला असता.

वकिलाला एवढं बोलू द्या, पाच मिनिटं. मग त्याला विचारा की खुनी माणूस शेवटी प्रतिकार का करत नाही, बहुतेक वेळा हसून सोबत का चालू लागतो. हा प्रश्न कायद्याचा नाही, आणि मालिकेचे उत्तम भाग त्याचंच उत्तर देतात. १९७५ चा ‘फर्गॉटन लेडी’ बघितल्यावर, ज्यात जेनेट ली एक विसरली गेलेली अभिनेत्री आहे, आमच्याकडचा कायद्याचा वाद आपोआप थांबला. त्या भागात कोलंबो काय करतो ते कुठल्याच कायद्यात बसत नाही.

९. १९८९ नंतरचे २४

मालिका एबीसी वाहिनीवर परत आली ती १९८९ साली. फॉक साठीचा, केस पांढरे, हातवारे मोठे झालेले. पूर्वी जे सहज होतं ते इथे मुद्दाम केल्यासारखं वाटतं. काही भाग तरीही चांगले आहेत. मॅगूहन पुन्हा खुनी होऊन येतो, त्याचे नक्की बघा. १९९२ चा ‘नो टाइम टू डाय’ आणि १९९४ चा ‘अंडरकव्हर’ हे दोन एड मॅकबेन या लेखकाच्या पोलीस-कथांवरून उचललेले, त्यांत कोलंबोचा साचाच नाही. ते गाळलेत तरी चालेल.

२४ पैकी सात-आठ निवडा, तेही महिन्याला एक. वाड्यावरची मंडळी १९७८ च्या ‘द कॉन्स्पिरेटर्स’वर थांबूया म्हणाली तर आग्रह करू नका. त्याऐवजी वहीची पहिली पानं काढा, पहिल्या आठवड्यात पहिल्या संशयाच्या ओळीत कुणी काय लिहिलं होतं ते वाचून दाखवा आणि ‘मर्डर बाय द बुक’ पुन्हा लावा. आता त्यातला पहिला संशय कॅसिडीच्या पहिल्या खोट्याबरोबरच पकडणारे निदान तिघे तरी निघतील.